रात्र काढलेलं दूध

आमच्या गावाला नगरपालिका आहे, पण परका माणूस एस.टी.तून उतरला की त्याला आधी म्हैस दिसते आणि नगरपालिका मग. त्यात म्हशीचा काही दोष नाही. स्टँडसमोरच पेंडीचं दुकान आहे, आणि पेंडीच्या दुकानापुढं म्हैस नाही तर काय कलेक्टर उभा राहणार?

तरी आमच्या गावात कारखानदारी आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. सोयाबीन निघालं की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. तुरी आल्या की डाळमिलींची घरघर सुरू होते. रस्त्याच्या कडेला ट्रॉल्या आणि लोखंडी दारं बनवणारी दुकानं दिवसभर ठिणग्या उडवत बसतात. आणि या सगळ्यांहून जुना कारखाना म्हणजे खव्याची भट्टी. तशा भट्ट्या गावात बऱ्याच, त्यातली एक आमची.

भट्टीचा धंदा समजायला सोपा आहे. वस्तीवरच्या बायका म्हशी पाळतात, दूध भट्टीवर येतं, ते आटवून खवा होतो, खवा डब्यांत भरून हायवेवरच्या पेढेवाल्याकडं जातो आणि पेढा तिथून पुढं साऱ्या मुलखात. दुधाचा भाव आमच्यात उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एकेकीचं थोडं दूध वेगळं आटवायचं आणि त्यातून खवा किती उतरतो ते बघायचं. बाई कितीही गोड बोलली तरी कढईपुढं तिचं काही चालत नाही. बाजाराच्या दिवशी बायकांना दुधाचे पैसे मिळतात आणि त्या दुपारी बांगडीवाला, कापडवाला, पेंडीवाला सगळ्यांचे चेहरे टवटवीत होतात. भट्टी दोन दिवस बंद राहिली तर पहिली खबर लागते ती भजीवाल्याला.

गेल्या वर्षी ही भट्टी कायमची बंद पडायच्या बेताला आली होती. आता सगळं निवांत झालंय म्हणून सांगते. तेव्हा विचारलं असतंत तर मी तुम्हाला चहासुद्धा दिला नसता.

पण आधी या भट्टीवर मी कशी आले ते सांगायला पाहिजे, कारण ती गोष्ट सांगताना मला फार मजा येते. त्या वेळच्या मला बघून आज मलाच हसू येतं. तशी पोरगी माझ्याकडं सून म्हणून आली असती, तर मी तिला संध्याकाळच्या गाडीनं परत माहेरी धाडलं असतं.

माझं माहेर कळंबचं. वडील आडतीवर मुनीम. मी दहावी पास, आणि ते मी पहिल्या दिवशी सासूला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशी सासूच म्हणाल्या, "कळलं गं बाई, म्हशीलाबी कळलं." भट्टीवर पहिल्यांदा गेले ती काठापदराची साडी नेसून, केसात अबोली माळून. धूर लागला की पदर नाकाला. सासू कढईपुढं लांब दांड्याचं उलथणं घेऊन उभ्या राहायच्या, कपाळावरून घाम निथळायचा, आणि मी मागं उभी राहून त्यांना सांगायची की हे सगळं कसं सुधारता येईल. सुधारणा काय, तर कढईशेजारी एक खुर्ची ठेवावी.

त्यात भर म्हणून माहेरी जाऊन मैत्रिणींना सांगितलं, "आमच्यात फॅक्टरी हाय." कसली फॅक्टरी, तर दुधाची. मैत्रिणी सगळ्या लग्न झालेल्या, नवऱ्यांसकट बघायला यायचं म्हणून हटून बसल्या. मला वाटलं बोलतात नुसत्या. एका सकाळी खरंच आल्या. त्यांच्या डोक्यात मोठं फाटक, उंच चिमणी, पाळी सुटल्याचा भोंगा असं काहीबाही. इथं बघतात तर पत्र्याखाली तीन मातीच्या चुली, बाभळीच्या सरपणाचा ढीग, आणि ढिगावर बसून ओरडणारी एक कोंबडी. एका मैत्रिणीचा नवरा इकडंतिकडं बघून म्हणाला, "फॅक्टरी मागच्या अंगाला हाय का?"

मी घामानं भिजले. सासू कढईवरची नजर न काढता म्हणाल्या, "न्हाय पावणं, हीच फॅक्टरी. चिमणी न्हाय बघा आमच्यात. भोंगा मातर हाय, कळंबहून आणलाय."

पाहुणे हसले, कोंबडी ओरडली. मी दोन दिवस जेवले नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. प्रत्यक्षात सासूंनी कढईची खरवड केळीच्या पानावर घालून समोर ठेवली आणि मी ती सगळी संपवली. ताज्या खव्याची खरवड पुढ्यात असताना रुसून बसणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

मग वर्षं गेली, सासू गेल्या, मागून हेही गेले, आणि उलथणं माझ्या हातात आलं. खुर्ची काही आली नाही. मुलगा पुण्याला कंपनीत लागला. सून उमरग्याची, बी.कॉम. झालेली. तिनं दोन वर्षं पुण्यात काढली आणि एका उन्हाळ्यात लेकीला घेऊन आली ती राहिलीच. मला म्हणाली, "आई, तिथं मी दिवसभर दार बंद करून बसते. इथं निदान काम तरी हाय." मुलगा शनिवार-रविवारी येऊन जाऊ लागला. लोकांनी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. सून भट्टीवर उभी राहिली आणि माझ्यापेक्षा चांगली उभी राहिली, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिनं हे वाचलं तर बघू.

अडचण आली ती धुराची. भट्टी पूर्वी गावाबाहेर होती. आता गावच भट्टीच्या पलीकडं गेलंय. आजूबाजूला प्लॉट पडले, बंगले झाले, गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले. कपड्यांना धुराचा वास लागायला लागला. लोक बोलले, आणि त्यांचं काही चुकीचं नव्हतं, पांढरे शर्ट सगळे करडे व्हायचे. नगरपालिकेनं सांगितलं की वस्तीत लाकडाच्या भट्ट्या आता चालणार नाहीत, गॅसवर करा किंवा बाहेर जा. सरपणही पूर्वीसारखं मिळेना. सुनेनं मग मशिन आणलं.

मशिन म्हणजे एक मोठी गोल कढई, खाली गॅस, आणि मोटारीवर ती कढई आपली आपण फिरते. खरडायचं पातं आत बसवलेलंच. आपण नुसतं उभं राहायचं. माझी पन्नास वर्षांपूर्वीची खुर्ची अशी अखेर मंजूर झाली. पण ते मशिन सुरू करताना जो भक्कन् जाळ होतो आणि जी घुर्र सुरू होते, तिला मी अशी बिचकले की पहिले आठ दिवस मी त्या पत्र्याखाली गेलेच नाही. बाहेर किटल्या धूत बसले. नात म्हणायची, "आजी, ते चावत न्हाय." मी म्हणायची, "तुला काय माहीत, तू कालची."

पहिला खवा उतरला तो लोण्यासारखा. पांढराशुभ्र, मऊ, धुराचा वास नाही. सून खुलली. सकाळचं दूध सकाळी आटवायचं, संध्याकाळचं संध्याकाळी. सगळं ताजं. पूर्वी आम्ही संध्याकाळच्या किटल्या ओल्या पोत्यांत गुंडाळून हौदाशेजारी ठेवायचो आणि सकाळच्या दुधात मिसळून एकदाच भट्टी लावायचो. आता तशी गरज राहिली नव्हती. बटण दाबलं की झालं. सून दोन्ही वेळा मशिनपुढं, आणि मधे घर, लेकीची शाळा, दुधाचं मोजमाप.

चौथ्या का पाचव्या दिवशी डबे परत आले. डब्यांबरोबर पेढेवाले स्वतः आले.

हे पेढेवाले म्हणजे हायवेवरच्या दुकानाचे मालक. त्यांचे वडील माझ्या सासूकडून खवा न्यायचे, हे माझ्याकडून. आमचा सगळा खवा एकटे तेच घेतात. मला काकू म्हणतात आणि चहा घेतल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. त्या दिवशी चहा घ्यायच्या आधीच बोलले.

"काकू, राग मानू नका. खवा वाईट न्हाय. गुलाबजामवाल्याला द्या, तो पाया पडंल तुमच्या. पण मला पेढा करायचाय. पेढ्याला दाणा लागतो." त्यांनी डब्यातला खवा चिमटीत घेऊन तळहातावर चोळला. तो मलमासारखा पसरला. "आता बघा. ह्याचा पेढा वळला तर तो दातात कळतच न्हाय. गिऱ्हाईक म्हणतंय मैदा घातलाय."

सून म्हणाली, "सेटिंग बदलून बघते, भाऊ."

"बघा की. गौरीपर्यंत थांबतो म्या. सणाचा माल मला दाण्याचाच लागंल. तवर जमलं न्हाय तर मग दुसरीकडून घेईन. दुकान तर चालवायचंय ना मलाबी."

ते गेल्यावर सुनेनं तोच खवा आपल्या तळहातावर पुन्हा पुन्हा चोळून बघितला. गुलाबजामवाला आमच्या भागात लग्नसराईपुरता असतो, बाकीचं वर्ष तो पंक्चर काढतो. पेढेवाले गेले तर भट्टी गेली. भट्टी गेली तर वस्तीचं दूध टँकरला जाणार, ते त्यांना परवडत नाही, म्हणजे म्हशी बाजारात. आणि आम्ही तिघी पुण्याला. मुलगा कधीचा म्हणत होता, "कशाला हाल करून घेता? इकडं या सगळ्या. आणखी एक खोली असलेलं घर बघतो. चौथ्या मजल्यावर लई छान वारं येतं." वारं आमच्याकडंही येतं, फुकट, आणि जिने न चढता. माझं एक वेळ सोडा, मी कुठंही बसून लोकांची उणीदुणी काढू शकते. पण सून पुन्हा त्या बंद दाराआड जाऊन बसणार, हे मला बघवलं नसतं. ती नुसती मशिन जोरात फिरवायची, मग हळू फिरवायची, जाळ मोठा करायची, बारीक करायची. सोलापूरहून मशिनवाल्याचा माणूस येऊन गेला. त्यानं पातं बदललं आणि जेवून गेला. खवा लोण्यासारखाच.

मग तिला शंका आली दुधाची. कुणीतरी गाईचं दूध मिसळतंय. गाईच्या दुधाला तसा दाणा धरत नाही, हे खरं आहे. तिनं दूध घालायला येणाऱ्या बायकांना विचारलं. अगदी नीट विचारलं, ताई-मावशी म्हणून. पण असली गोष्ट नीट विचारता येत नाही. एकीनं किटली खाली ठेवली आणि निघून गेली. ही आमची सगळ्यात जुनी दूधवाली, माझ्याच वयाची, नदीकडच्या वस्तीवरची. तासाभरानं परत आली ती म्हैस घेऊन. भट्टीच्या फाटकात म्हैस उभी केली, दोरी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "हिलाच इचार."

म्हैस सुनेकडं बघायला लागली. सून म्हशीकडं.

"मावशी, तसं न्हाय वो," सून म्हणाली.

"मग कसं? माझ्या गोठ्यात गाय हाय का बघून ये. न्हायतर ह्या म्हशीला गाय म्हण, म्या मान्य करते."

मी मधे पडले. म्हशीला पेंड घातली, बाईला चहा पाजला. ती म्हैस आमच्या फाटकात निवांत रवंथ करत होती आणि जाताना तिनं जे करायचं ते करून गेली. त्यावर दूधवाली जाता जाता सुनेला म्हणाली, "हेबी तपासून घे." त्या रात्री जेवताना सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी ताटातली भाकरी मोडत राहिले, बघितलं नाही असं दाखवलं.

गौरी चार-पाच दिवसांवर आल्या असताना सुनेच्या भावाचा साखरपुडा निघाला, उमरग्याला. ती जायला तयार नव्हती. मीच तिला म्हटलं, "जा. तुझ्यावाचून एक दिवस खवा बिघडला तर असा काय वेगळा बिघडणार हाय? बिघडलेलाच हाय." ती लेकीला घेऊन सकाळची भट्टी उरकून गेली. जाताना मला मशिन सुरू कसं करायचं ते तीनदा दाखवून गेली. मी तीनदा मान डोलावली.

संध्याकाळी चाचांचा टेम्पो आला. चाचा म्हणजे आमच्याकडं लांबच्या वस्त्यांवरून दूध आणणारे टेम्पोवाले, माझ्या वयाचे, कामाला पक्के आणि चेष्टेला त्याहून पक्के. त्यांनी किटल्या उतरवल्या आणि मशिनकडं बघून म्हणाले, "क्या भाभी, आज तुम चलानेवाले? म्या थांबू का? गॅस लावून देतो."

त्यांची नमाजाची वेळ झाली होती. आणि मला वाटलं, एवढी वर्षं भट्टी केली, आता बटण दाबायला दुसरा माणूस लागतो काय. पन्नास वर्षं झाली, पण ती दहावी पास पोरगी कुठं गेलेली नाही बघा. म्हटलं, "जावा तुमी. म्या करते समदं."

"सच्ची?"

"सच्ची की. जावा."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला आणि मी मशिनपुढं उभी राहिले. गॅसची चावी एका हातात, लायटर दुसऱ्या हातात. चावी फिरवायची का आधी लायटर, हे डोक्यातून साफ गेलं. चावी जराशी फिरवली, वास आला, तशी घाईनं बंद केली. पदरानं वारा घातला. मग मोटारीचं बटण दाबलं तर ती कढई रिकामीच गरगरा फिरायला लागली आणि मी दारापर्यंत मागं सरले. बटण बंद करायला मी झाडूचा दांडा वापरला, हे अजून कुणाला माहीत नाही.

मग मी काय केलं, तर आम्ही वर्षानुवर्षं करायचो तेच. सगळ्या किटल्या ओल्या पोत्यांत गुंडाळल्या, हौदाशेजारी ओळीनं लावल्या, वरून पाणी मारलं आणि घरी जाऊन झोपले. झोपले म्हणजे पडले. दूध नासलं तर सकाळच्यालाही नासवणार, वस्तीचं एक दिवसाचं सगळं दूध गटारात, आणि सून परत आल्यावर तिला काय सांगणार, हे माझं रात्रभर चाललं होतं.

सकाळी चाचा आले. हौदाजवळच्या किटल्या बघितल्या आणि गालात हसायला लागले. मी म्हटलं, "वास घेऊन बघा आधी, मग हसा." एकेका किटलीतलं पळीभर दूध स्टोव्हवर तापवून बघितलं. फाटलं नाही. जरा जड झालं होतं, जिभेला किंचित आंबूस लागतंय असं वाटावं इतपत. सकाळच्या दुधात ते मिसळलं, चाचांनी गॅस लावला, मोटार लावली, आणि मी चार हात लांबून बघत उभी राहिले.

कढई फिरत होती. दूध आटत आलं तशी मला वाटलं, माझी नजर फसवतेय. मधे कुठंतरी रव्यासारखं दिसायला लागलं. मग सगळीकडं. पात्यावर खवा चढताना तो पसरत नव्हता, सुटा सुटा होऊन पडत होता. मी चाचांना म्हटलं, "बघा हो." त्यांनी चिमटीत घेतला, तळहातावर चोळला आणि हात माझ्यापुढं केला. तळहातावर दाणा. बारीक, एकसारखा.

"भाभी," चाचा म्हणाले, "क्या डाला तुमने?"

"काय न्हाय वो."

"सांगा की. कुणाला सांगत न्हाय म्या."

"काहीच घातलं न्हाय. झोपले नुसती."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या सासू संध्याकाळचं दूध का ठेवायच्या? मी आल्या आल्या विचारलं होतं, दहावी पास ना मी. त्या म्हणाल्या होत्या, "दोनदा चूल पेटवायला सरपण काय आभाळातनं पडतंय व्हय?" आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. लाकूड वाचतं म्हणून दूध ठेवायचं. गॅस आला, लाकूड गेलं, म्हणून आम्ही ठेवणं सोडलं. रात्र काढलेलं दूध जरासं आंबायला लागतं आणि त्यामुळं खव्याला दाणा धरतो, हे सासूंना माहीत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, नव्हतं. त्यांना खरंच सरपणच वाचवायचं होतं. मशिन बिचारं महिनाभर आमच्या शिव्या खात होतं, आणि ती म्हैससुद्धा.

चाचांनी तो डबा टेम्पोत पुढं, स्वतःच्या शेजारी ठेवला आणि तसाच हायवेवर नेला. मी म्हटलं फोन येईल. फोन आला नाही, पेढेवालेच आले. मोटरसायकलवर, दुकानातला फडका खांद्यावर तसाच. उतरले आणि आधी चहा मागितला. तेव्हाच मला कळलं.

चहा संपवून म्हणाले, "काकू, हा आपला खवा. काय केलंत?"

"मशिनला दमात घेतलं."

"तसं न्हाय, खरं सांगा."

"सूनबाई आली की तिला इचारा. तिची भट्टी हाय."

"गौरीला जास्तीचा लागंल. जमंल का?"

मी म्हटलं, "जमंल." आणि ते गेल्यावर आत जाऊन बाजेवर आडवी झाले. भरदुपारी, किटल्या तशाच पडलेल्या, आणि मला अशी झोप लागली की ती म्हैसवाली दूधवाली येऊन माझ्या अंगावर चादर टाकून बसली ते कळलं नाही. उठल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं गेलीस." मी म्हटलं, "एवढ्यात न्हाय. तुझ्या म्हशीचा जबाब ऱ्हायलाय."

सून दुसऱ्या दिवशी आली. मी ठरवलं होतं की दोन दिवस तिला काही सांगायचं नाही, नुसतं मिरवायचं. तिनं बॅग ठेवली, डब्यातला खवा चोळून बघितला, हौदाशेजारची ओली पोती बघितली, मशिन बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"आई, तुम्ही संध्याकाळी मशिन लावलंच न्हाय ना?"

"लावलं की."

"झाडू मशिनशेजारी कसा काय?"

माझं मिरवणं तेवढ्यावर संपलं. मी सगळं सांगितलं, झाडूचं सोडून. तिनं ऐकलं, पोत्याला हात लावला, आणि खाली हौदाच्या काठावर बसली. मला वाटलं, ती म्हणेल मला आधी कसं सुचलं नाही, किंवा पोत्यांऐवजी काहीतरी नवीन करू म्हणेल. ती म्हणाली, "म्हणजे आता संध्याकाळी मशिन लावायचंच न्हाय?"

"न्हाय लागत."

"रोज?"

"रोज."

तिनं डोळे मिटले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोन्ही वेळा त्या जाळापुढं उभी राहून ती किती थकली होती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाला तर नाहीच, कारण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, म्हणून म्हणत होतो. आणि मी बाहेर किटल्या धूत, मशिनला घाबरत बसले होते. तिचा चेहरा असा सैल झालेला मी ती पुण्याहून आली त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितला.

गौरीचा माल वेळेवर गेला. दूधवाल्या सगळ्या टिकल्या, जी रागावून गेली होती तीही. फक्त ती आता किटली ठेवताना म्हणते, "गाईचं हाय, बघून घे." सून तिला म्हणते, "मावशी, गाईचंच चालतंय आम्हाला, तुम्ही दिलेलं." संध्याकाळी सून आता मोकळी असते. पहिले दोन-तीन दिवस तिला काय करावं कळेना, अंगणात नुसती फेऱ्या मारायची. मग लेकीचा अभ्यास घ्यायला लागली, शेजारच्या बंगल्यातल्या बाईंशी गॅलरीखालून गप्पा मारायला लागली. त्यांचे शर्ट आता पांढरे असतात. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी जाऊन गरम भजी खातो. भजीवाला खूश आहे.

परवा मुलाचा फोन आला. सून हौदाशेजारी पोती पिळत होती, फोन कानाला खांद्यानं धरलेला. मी बाजेवर होते. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण तिचं ऐकू आलं.

"जास्तीच्या खोलीचं राहू द्या हो सध्या. न्हाय, आईंना विचारते ना. थांबा."

तिनं फोन खाली घेतला नाही, माझ्याकडं वळली नाही, एक पोतं पिळून किटलीवर टाकलं.

"न्हाय म्हणतात," ती म्हणाली.